खात्री केली आहे

आमच्या चाळीत माणूस गेला की आधी डॉक्टर येतो आणि मग घाडीकाका. डॉक्टरने सर्टिफिकेट दिलं की माणूस गेला असं सरकार मानतं, स्मशानवाले मानतात, विमावालेसुद्धा कुरकुरत का होईना मानतात. घाडीकाका मानत नाहीत. ते येतात, चपला दाराबाहेर काढतात, गेलेल्या माणसाच्या उशाशी दोन मिनिटं उभे राहून चेहरा नीट बघतात, पायाला हात लावतात आणि खाली जातात. मग गेटजवळच्या काळ्या फळ्यावर खडूने अक्षरं उमटतात. "खोली क्र. ९ मधील श्रीमती सुलोचना राणे यांचे आज सकाळी निधन झाले. अंत्ययात्रा साडेचार वाजता. खात्री केली आहे."

शेवटचे तीन शब्द प्रत्येक सूचनेला. राणेआजींच्या धाकट्या मुलाला ते फार झोंबलं होतं. "आई माझी गेली आणि खात्री हे करणार?" असं तो चारचौघांत म्हणाला. पण गावाला फोन लावला तेव्हा पलीकडून चुलत्याने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की फळ्यावर आलं का? आलं म्हटल्यावर मग तिकडे रडारड सुरू झाली.

मी सौ. परब, खोली नंबर बावीस. माहेर गिरगावातलं, फणसवाडीचं. मला लालबागला दिली तेव्हा आमच्या आईला मुलगी परदेशी चालल्यासारखंच वाटलं होतं. त्याला आता वीस वर्षं झाली. भिंतीला भिंत लागून खोली तेवीस, तिथे घाडीकाका एकटे राहतात. पूर्ण नाव मुकुंद घाडीगावकर. वय पंचाहत्तरच्या पुढे. नक्की किती ते ते सांगत नाहीत. जन्मतारीख विचारली की मालवणीत म्हणतात, "मी थंय होतंय, पण माझा लक्ष नव्हता."

हे वेड आलं गिरणीतून. काका परळच्या एका गिरणीत टाइम ऑफिसला होते. गेटवर बसायचं आणि आत येणाऱ्याची हजेरी मांडायची. समोर माणूस दिसला तर हजर, नाही दिसला तर गैरहजर, मग तो कोणीही असो. एकदा त्यांचा सख्खा मेहुणा गणपतीला गावी गेला आणि एक दिवस उशिरा आला. तेवढ्या एका दिवसाची हजेरी लावा म्हणून काकूंनी हात जोडले. काकांनी गैरहजर मांडलं. काकू चार महिने बोलल्या नाहीत. त्या चार महिन्यांबद्दल विचारलं तर काका म्हणतात, "घर कसा शांत होता."

गिरणी बंद पडली, हजेरीचं पुस्तक गेलं, मग काकांनी चाळीचा फळा ताब्यात घेतला. पाणी, लग्न, बारसं, हरवलेलं मांजर, जे काही असेल ते स्वतः जाऊन बघायचं आणि मग लिहायचं. उद्या पाणी येणार नाही असं वॉर्ड ऑफिसने कळवलं तर काका ते लिहीत नसत. दुसऱ्या दिवशी पहाटे नळ उघडून समोर उभे राहत आणि मग लिहीत, "पाणी आले नाही. खात्री केली आहे." आता मला सांगा, त्या सूचनेचा उपयोग काय? आमच्या बादल्या रिकाम्या आहेत हे आम्हाला दिसतच होतं की. पण वाद घालायला गेलं की ठरलेलं वाक्य कानावर यायचं, "डोळ्यांनी बघल्याशिवाय फळ्यावर नाय."

नऊ वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हाही काका उशाशी दोन मिनिटं उभे राहिले, पायाला हात लावला आणि खाली गेले. आम्ही बायका गॅलरीत उभ्या होतो. अक्षर एवढंसंही हललं नव्हतं. खाली ते तीन शब्दही होते.

आणि या सगळ्याच्या खाली, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, एक ओळ कायमची. "खोली क्र. २३ ची किल्ली खोली क्र. २२ मध्ये." म्हणजे माझ्याकडे. ही ओळ काका रोज सकाळी पुसत आणि रोज नव्याने लिहीत. किल्ली माझ्या ओट्यावरच्या खिळ्याला. वीस वर्षांत ती मागायला एक माणूस आलेला नाही. काकांच्या स्वतःच्या कमरेला दुसरी किल्ली असते. मी कितीदा तरी म्हटलं, "काका, चोराला पत्ता देताय तर चहासुद्धा माझ्याकडेच आहे असं लिहा." त्यावर ते म्हणत, "चोर वाचीत बसना नाय गो बाय." आम्ही मे महिन्यात गावी निघालो की काका आदल्या दिवशी किल्ली परत नेत, फळ्यावर बावीसचे एकवीस करत, आणि आम्ही परतलो की पुन्हा बावीस. मला वाटायचं, सवय. म्हाताऱ्या माणसांच्या काही सवयींना कारण नसतं.

मग आला चाळीचा ग्रुप. आमचे सचिव महेश सावंत, वय पस्तीस-छत्तीस, परळच्या एका टॉवरमध्ये कॉम्प्युटरवर काहीतरी करतात. काय ते त्यांच्या बायकोलाही सांगता येत नाही. माणूस सरळ, हाकेला धावणारा. त्यांनी सगळ्यांना ग्रुपमध्ये घेतलं आणि तिथून चाळीची जी झोप उडाली ती उडालीच. गेल्या वर्षी एका सकाळी ग्रुपवर फोटो आला. आमचाच जिना, आमचाच तुटका कठडा, आणि तिसऱ्या पायरीवर ऐसपैस बसलेला बिबट्या. आख्ख्या चाळीने दारं लावून घेतली. आमच्या ह्यांनी तर दाराला कपाट लावलं, ते कपाट जे दिवाळीत सरकवा म्हटलं तर यांची कंबर धरते.

काका काठी घेऊन खाली उतरले. मी दाराच्या फटीतून, "काका, नका जाऊ," म्हणत होते. दहा मिनिटांनी फळ्यावर लिहिलेलं दिसलं. "जिना व गच्ची तपासली. बिबट्या नाही. दुसऱ्या मजल्यावर डाव्या पायाची एक चप्पल सापडली, ती खोली क्र. १७ च्या दाराशी ठेवली आहे. खात्री केली आहे." मागाहून कळलं की तो फोटो कोणीतरी एआयकडून करून घेतला होता, गंमत म्हणून. गंमत करणारा शेवटपर्यंत सापडला नाही. चप्पल मात्र सतरा नंबरवाल्यांचीच निघाली.

त्या दिवसापासून काकांचा भाव एकदम वधारला. ग्रुपवर काहीही आलं की कोणीतरी खाली विचारायचंच, "फळ्यावर आहे का?" काका खडूचा डबा खिशात घालून ताठ मानेने फिरायचे. मलाही बरं वाटायचं, कारण माझ्या ऑफिसात तोवर सगळा गोंधळ झाला होता.

मी विम्याच्या ऑफिसात आहे. लोकांच्या तक्रारींना, दुःखाला, मरणाला उत्तरं लिहिणं हे माझं काम. हल्ली ती उत्तरं यंत्र लिहितं आणि साहेब मला म्हणतात, "मॅडम, तुम्ही फक्त नजर टाका." मी नजर टाकते. यंत्राने लिहिलेलं असतं की आपल्या दुःखात आम्ही मनापासून सहभागी आहोत. अठ्ठावीस वर्षांत मला इतकं गोड लिहायला जमलं नव्हतं, खरं सांगते. सहभागी कोण आहे, मी की यंत्र, ते मला कळत नाही, पण खाली सही माझी असते. काकांना हे सांगितलं तर ते खूश झाले. "म्हणजे तू यंत्राची हजेरी घेतंस. चांगला काम आसा." आमच्या ऑफिसच्या दारात चेहरा दाखवला की हजेरी लागते, हे ऐकून तर त्यांना गहिवरूनच आलं. माझं ऑफिस त्यांच्याच जुन्या गिरणीच्या जागेवर आहे. "त्या जाग्याक गुण आसा," असं ते म्हणाले.

आणि मग महापालिकेची निवडणूक आली.

एका उमेदवाराचे कार्यकर्ते घरोघरी फिरून फॉर्म भरून घेऊन गेले. नाव, खोली, तक्रार. काकांनी तक्रार लिहिली, जिन्यात दिवा नाही. आठवड्याभरात काकांच्या मोबाइलवर व्हिडिओ आला. त्यात खुद्द उमेदवार, पांढरा कुर्ता, हात जोडलेले, आणि अस्सल मालवणीत बोलतायत, "घाडीकाकांनू, बरे आसात मा? तुमच्या जिन्यात दिवो नाय ह्या माका कळला. रविवारी धा वाजता तुमच्याकडे येतंय. चाय पिऊया, दिव्याचा बघूया."

काकांनी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. माझ्याकडे येऊन मला दाखवला. माणूस दिसतोय, ओठ हलतायत, नाव घेतोय, जिना ठाऊक आहे. मी ऑफिसात दिवसभर यंत्रावर नजर टाकणारी बाई, पण माझ्याही डोक्यात आलं नाही. मला वाटलं, वा, निवडणुकीत माणसं सुधारतात हो. काका खाली गेले आणि लिहिलं, "रविवारी सकाळी दहा वाजता उमेदवार आपल्या चाळीत येणार आहेत. खात्री केली आहे."

फळ्यावर आलं म्हटल्यावर कोणी शंका घेणार? रविवारी गेटपासून जिन्यापर्यंत रांगोळी. राणेंच्या सुनेने कांदेपोहे केले. काकांनी स्वतःच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या, माझ्याकडून चांगले कप नेले आणि गेटवर जाऊन उभे राहिले. दहा वाजले, अकरा वाजले, पोहे दोनदा गरम करून झाले. साडेबाराला काका एकटेच प्रचाराच्या ऑफिसकडे निघाले. मला राहवेना म्हणून मी मागोमाग गेले.

तिथे एक चाळिशीतले गृहस्थ याद्या चाळत बसले होते. काकांनी व्हिडिओ दाखवला. ते हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकाने हसले. "काका, हा एआयचा आहे. साहेबांना कुठली मालवणी? सगळ्यांना गेलाय, ज्याच्या त्याच्या नावाने. दहाचीच वेळ टाकलीय सगळ्यांना."

"पण मी बघलंय," काका म्हणाले.

"हो ना, बघायलाच पाठवलाय," ते गृहस्थ म्हणाले.

काका परत आले. रांगोळी न मोडता कडेकडेने फळ्यापर्यंत गेले. सूचना पुसली आणि लिहिलं, "रविवारची सूचना खोटी ठरली. खात्री करण्यात माझी चूक झाली. मु. घाडीगावकर." पुढचे तीन दिवस फळा कोराच राहिला. फक्त खाली किल्लीची ओळ रोज नवी. चौथ्या दिवशी काका दवाखान्यात जाऊन डोळे तपासून आले. माझ्या दारात उभं राहून म्हणाले, "डाक्टर म्हणता डोळे बरे आसत. मगे चुकला काय?" मी आपला चहा टाकला.

महिन्याभराने चाळीची मीटिंग झाली. महेशने फार जपून विषय काढला. फळ्याच्या जागी स्क्रीन लावायचा. प्रत्येकाने आपल्या मोबाइलवरून सूचना टाकायची, एआय ती नीटनेटकी करणार आणि स्क्रीनवर दाखवणार. "काका, तुमचा मान आहेच," तो म्हणाला, "पण आता डोळ्यांचाही भरवसा राहिला नाही ना." मला वाटलं काका आता आकांडतांडव करणार. मी त्यांच्या बाजूने भांडायला पदर खोचूनच बसले होते. काकांनी खिशातून खडूचा डबा काढला आणि महेशच्या हातात दिला. "ज्याची हजेरी एकदा खोटी निघाली तेना पुस्तक खाली ठेवचा. गिरणीत असोच नियम होतो." मग म्हणाले, "फक्त ती खालची एक ओळ रवांदे."

"राहील की काका, त्यात काय," महेश म्हणाला, आणि तो मनापासूनच म्हणाला.

फळा उतरवून जिन्याखाली ठेवला आणि स्क्रीन लागला. पहिल्या दिवशी टाकी धुण्यासाठी पाणी दोन तास बंद, एवढी साधी सूचना महेशने टाकली. स्क्रीनवर आलं, "प्रिय चाळ-परिवार, स्वच्छतेच्या सुंदर प्रवासात आज आपण दोन तास संयमाचा आनंद घेऊया." मागे धबधबा. निम्म्या बायकांना कळलंच नाही पाणी जाणार आहे ते. पुढच्या आठवड्यात अकरा नंबरचे तावडे गेले, तर त्यांच्या सूचनेमागे उगवता सूर्य आणि दोन हंस. तावडे गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते, आयुष्यभर हंसाच्या वाटेला गेले नाहीत. काका त्यांच्या उशाशी जाऊन उभे राहिले, पायाला हात लावला, खाली आले आणि स्क्रीनसमोर तसेच उभे राहिले. लिहायला काही नव्हतं.

आणि ती खालची ओळ? महेशने दोनदा टाकली, दोनदा यंत्राने नाकारली. तिसऱ्या वेळी यंत्रानेच स्वतःच्या मनाने दुरुस्त करून दाखवली. "आपल्या किल्ल्या सुरक्षित ठेवा, आनंदी राहा." बाजूला कमळ. महेश ओशाळला, स्क्रीनच्या कंपनीला विचारतो म्हणाला आणि त्याच्या कामात बुडाला. काका रोज सकाळी खाली जात, ते कमळ वाचत आणि वर येत. आठ दिवसांत त्यांचं खाणं निम्म्यावर आलं. भिंतीला भिंत लागून आहे, दोन वेळच्या फोडणीच्या जागी एकच ऐकू यायला लागली की कळतं.

एका रविवारी दुपारी दार वाजलं. काका. वीस वर्षांत हा माणूस स्वतःसाठी साधी साखर मागायलाही माझ्याकडे आला नव्हता. आत आले, खिळ्यावरच्या किल्लीकडे बघितलं, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "गो बाय, तुझ्या मोबाइलार ती ओळ लिव. तू यंत्राची हजेरी घेतंस. तुझा ऐकात."

मी मोबाइल घेतला. ओळ लिहिली. यंत्राने विचारलं, ही सूचना किती दिवस दाखवायची? खाली तीन पर्याय होते, एक दिवस, सात दिवस, तीस दिवस. मी काकांपुढे धरलं. त्यांनी चष्मा पुसला, तिन्ही पर्याय नीट वाचले, मग बोट फिरवून खाली आणखी काही आहे का ते बघितलं.

"काय शोधताय?"

"तो येईसर," काका म्हणाले. "तो येईपर्यंत, असा खंय आसा?"

"तो कोण?"

काकांना एक मुलगा होता, तो घर सोडून गेला, एवढं मला ठाऊक होतं. बापलेकाचं भांडण झालं असं चाळीत म्हणत. माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. सासूबाईंना मी एकदा विचारलं होतं तर त्या म्हणाल्या, त्या घरात तो विषय काढायचा नाही. मीही नंतर संसाराच्या रामरगाड्यात विसरले.

"बारावीचो निकाल होतो," काका म्हणाले. "चाळीतली आठ पोरा. सातांनी मार्कशीट आणून माका दाखवल्यानी. सतीशान दाखवूक नाय. मी तेच्या दप्तरातसून काढून बघलंय."

"आणि?"

"आणि लिवलंय."

"काय लिहिलंत काका?"

काका भिंतीकडे बघत, फळ्यावरच्या शुद्ध मराठीत म्हणाले, "कुमार सतीश मुकुंद घाडीगावकर, अनुत्तीर्ण. खात्री केली आहे."

मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. वाटलं, हा खुर्चीतला म्हातारा गदागदा हलवावा. अहो, सात लिहून सोडून द्यायचं होतं. कोण विचारणार होतं आठव्याचं? पण त्यांचे हात गुडघ्यांवर नुसते थरथरत होते. काकू गेल्या त्या दिवशी फळ्यावर जो हात एवढासाही हलला नव्हता, तोच हात.

"तो भायरसून इलो. फळ्यासमोर उभो रवलो. मी गॅलरीतसून बघी होतंय. वाचल्यान, आणि परत गेटाभायर गेलो. माका वाटला चाय पिऊक गेलो. खरा होता म्हणून लिवलंय. पण खरा असला म्हणून सगळाच लिवचा नसता, ह्या माका तेव्हा कळाक नाय. त्याच सांजेक ती किल्लीची ओळ लिवलंय. तो इलो तर आधी फळोच बघतलो. मी घरात नसलंय, तर दाराक कुलूप बघून परत जाऊक नको."

बावीस वर्षं. म्हणून मे महिन्यातले ते बावीसचे एकवीस आणि एकवीसचे बावीस. आणि मी आपली चोराचे विनोद करत होते. मला रडू आलं ते मी लपवलं नाही. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जणू रडायचं कारण माझ्याच घरात घडलं होतं.

मी डोळे पुसले आणि मोबाइल पुन्हा हातात घेतला. तीस दिवस दाबलं. संपले की पुन्हा दाबीन, त्यात काय. यंत्राने महेशला दिलेलंच उत्तर दिलं, किल्लीची सूचना सर्वांसाठी म्हणून टाकता येणार नाही. पण मी चिकाटीने पुढे गेले. ऑफिसात एक गोष्ट शिकलेय, यंत्र नाही म्हणालं की पुढचं बटण दाबायचं. पुढे प्रश्न आला, ही सूचना त्या खोलीतल्या व्यक्तीसाठीच आहे का? असल्यास नाव लिहा.

मी नाव लिहिलं. सतीश मुकुंद घाडीगावकर.

यंत्र म्हणालं, ही व्यक्ती खोली क्र. २३ च्या यादीत नाही. जोडायची असल्यास, ही व्यक्ती येथे राहते याची आपण खात्री केली आहे का?

खाली दोन चौकोन. होय आणि नाही.

मी तो प्रश्न वाचला. हे शब्द त्याला कोणी शिकवले? की सगळीच यंत्रं असं विचारतात? मी मोबाइल काकांच्या हातात दिला. वाटलं, संपलं. हा माणूस होय दाबणार नाही. सख्ख्या मेहुण्याची एका दिवसाची हजेरी न लावणारा हा माणूस.

काकांनी प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. खालून राणेंच्या रेडिओचा आवाज येत होता. त्यांनी मोबाइल थोडा लांब धरला, मग जवळ आणला, जसे ते चेहरे बघतात तसा बघितला.

"बघूक नाय," ते हळूच म्हणाले. "बावीस वर्सा बघूक नाय."

मग उजव्या हाताचं बोट पुढे केलं आणि होय दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनच्या तळाशी ती ओळ आली. भोवती यंत्राने चांदण्या काढल्यात, पण वाचता येते. काका रोज सहाला खाली जाऊन ती बघून येतात. फोडणीचा आवाज पुन्हा दोन्ही वेळा येतो.

परवा महेश जिन्यात भेटला. टाकीच्या पाण्यासाठी तो यंत्रातले खोलीवार माणसांचे आकडे तपासत होता. "वहिनी, गंमत बघा," तो म्हणाला, "तेवीसमध्ये दोन माणसं दाखवतंय. काका तर एकटेच ना? यंत्राचं काहीतरी गडबडलंय. एक काढून टाकू?"

"नको," मी म्हटलं.

"नको? तुम्ही बघितलंय का कोणाला?"

माझ्या हातात पाण्याची कळशी होती, ती मी खाली ठेवली.

"राहू दे दोन," मी म्हटलं. "मी खात्री केली आहे."